बारा टन, पंचावन्न टन आणि एकच लायसन्स

20 नोव्हेंबर 2022 च्या रविवारी रात्री पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एक मालवाहू ट्रक समोरच्या वाहनांवर आदळत गेला. 48 वाहनांचे नुकसान झाले. पहिली बातमी नेहमीचीच होती: ब्रेक निकामी. पोलिसांनी तपासानंतर सांगितले ते वेगळे होते. ब्रेक शाबूत होते, पण चालकाने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती. पुढचे काही दिवस चर्चा झाली ती चालकाच्या बेफिकिरीची आणि उताराच्या चुकलेल्या आखणीची. दोन्ही गोष्टींत तथ्य आहे. त्याच पट्ट्यात नोव्हेंबर 2025 मध्ये पुन्हा एका कंटेनरने गाड्या चिरडल्या, आग लागली आणि आठ माणसे गेली, तेव्हाही चर्चा याच दोन मुद्द्यांभोवती फिरली. भरलेला ट्रक लांब उतारावरून खाली कसा आणायचा, हे चालकांना कोणी शिकवले होते आणि लायसन्स देताना कोणी तपासले होते, हा तिसरा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. हा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

उतारावर न्यूट्रल मारणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे. अनेक ठिकाणी मालक खेपेला मोजून डिझेलचे पैसे देतो आणि त्यातून वाचेल ते चालकाचे. घाट उतरताना इंजिन बंद केले की चार पैसे सुटतात, एवढा तो हिशेब. त्या चार पैशांसाठी काय पणाला लागते, ते समजायला ट्रकचे ब्रेक कसे चालतात हे माहीत हवे. जड वाहनाचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनवर फिरतो. इंजिन बंद झाले की टाकीत उरलेली हवा तेवढीच, आणि प्रत्येक वेळी पाय दाबला की ती कमी होते. पॉवर स्टिअरिंगही इंजिनवर चालते, म्हणून चाक हाताला जड होते. शिवाय खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला मागे ओढून धरते, तो आधारही जातो. मग सगळा भार ड्रमवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेल्या ड्रमवर लायनर कितीही घट्ट बसले तरी गाडी थांबत नाही. जो चालक खंबाटकी किंवा कसारा शंभर वेळा उतरला आहे त्याला हे ठाऊक असते. तो माथ्यावरच गिअर खाली घेतो, एक्झॉस्ट ब्रेक लावतो आणि पायाचा ब्रेक थोडा थोडा, सोडून सोडून वापरतो. जड वाहन चालवण्याची विद्या बरीचशी या अशा गोष्टींत आहे. स्टिअरिंग फिरवणे हा तिचा अगदी लहान भाग.

आता लायसन्स कसे मिळते ते पाहू. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यानुसार वाहतूक वाहन चालवायला वय 20 पूर्ण हवे, हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष जुने हवे, डॉक्टरचा दाखला हवा आणि मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलचे प्रमाणपत्र हवे. केंद्रीय नियमांप्रमाणे त्या शाळेने किमान तीस दिवस शिकवायचे, आणि त्यात प्रत्यक्ष चाकावरचे तास किमान पंधरा. मग आरटीओची चाचणी. चाचणीला येणारी गाडी बहुधा शाळेचीच, एकसंध सांगाड्याची आणि रिकामी. मैदानात किंवा ट्रॅकवर ती पुढे न्यायची, वळवायची, मागे घ्यायची. विहिरीच्या काठावर हातपाय हलवून दाखवणाऱ्याला पोहता येते असा दाखला द्यावा, तशी ही परीक्षा आहे. भरलेली गाडी, लांबचा उतार, पावसाने ओला झालेला रस्ता, रात्रीची वेळ, यांपैकी काहीही तिच्यात नाही.

आणि हे लायसन्स एकदा मिळाले की ते कशाकशाला चालते? कायद्याच्या व्याख्येत 12,000 किलोच्या वर एकूण वजन असलेले मालवाहू वाहन म्हणजे जड मालवाहू वाहन. वरची मर्यादा 2018 मध्ये वाढवण्यात आली, आणि जोडट्रेलरसाठी ती 49 टनांवरून 55 टनांवर गेली. बारा टनांच्या सहाचाकी ट्रकपासून पंचावन्न टनांच्या ट्रेलरपर्यंत परवानगी एकच. शिकाऊ चालक ज्या गाडीवर पास झाला तिच्या चौपट वजनाच्या, मध्ये सांधा असलेल्या गाडीवर तो दुसऱ्या दिवशी बसला, तरी त्याला अडवणारी वेगळी पायरी कायद्यात नाही.

मला सगळ्यात जास्त खटकते ती गोष्ट पुढे आहे. ही पायरी आपल्याकडे एकेकाळी होती. 1988 चा कायदा मुळात जसा झाला त्यात हलके, मध्यम आणि जड असे वर्ग लायसन्ससाठी वेगवेगळे होते. जड मालवाहू वाहनाचे शिकाऊ लायसन्स हवे असेल तर हलके वाहन दोन वर्षे चालवलेले असावे लागे, किंवा मध्यम वाहन एक वर्ष. टप्प्याटप्प्याने वजन वाढवत नेण्याची ती रीत होती. 1994 च्या दुरुस्तीने मध्यम आणि जड हे सगळे वर्ग पुसून त्यांच्या जागी 'वाहतूक वाहन' हा एकच वर्ग आणला, आणि अट हलक्या वाहनाच्या एका वर्षावर आली. वाहतूक वाहन म्हणजे काय, तर प्रवासी किंवा माल वाहण्याच्या कामी असलेले वाहन. ही विभागणी धंद्याची आहे. परवाना आणि कर कोणाकडून घ्यायचा हे ठरवायला ती उपयोगी पडते. गाडीचे वजन किती, ती थांबायला किती अंतर लागते, वळताना तिचे शेपूट कुठे जाते, यांच्याशी तिचा संबंध नाही. 1994 मध्ये देशात लांब ट्रेलर कमी होते, हे खरे. तीस वर्षांत न्हावाशेवाचे बंदर वाढले, चाकणहून मोटारी लादलेले लांबलचक वाहक देशभर जाऊ लागले, कळंबोलीच्या पोलाद बाजारात कॉइल घेऊन येणारे ट्रेलर रांगा लावू लागले, भिवंडीच्या गोदामांपुढे कंटेनर उभे राहू लागले. गाड्या बदलल्या, पण लायसन्सचा वर्ग 1994 मध्ये होता तिथेच राहिला.

जोडट्रेलर ही निव्वळ मोठी गाडी नसते, तिची जातच वेगळी असते. पुढचा इंजिनचा भाग, ज्याला या धंद्यात घोडा म्हणतात, आणि मागचा सांगाडा एका खिळीवर जोडलेले असतात. मागच्या भागाचे पुढचे वजन घोड्याच्या पाठीवर टेकलेले असते. वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या रेघेत चालत नाहीत, ती आतून कापतात. म्हणूनच चौकात ट्रेलरच्या डाव्या अंगाला उभा राहिलेला दुचाकीस्वार चिरडला जातो, आणि चालकाला तो आरशात दिसलेलाही नसतो. ओल्या रस्त्यावर घोड्याची चाके लॉक झाली तर मागचा सांगाडा ढकलत येतो आणि गाडी मधोमध दुमडते. मागे घेताना स्टिअरिंग उलटे फिरवावे लागते, आणि ट्रेलरचे शेपूट उजवीकडे न्यायचे तर आधी हात डावीकडे जातो. साध्या ट्रकवर दहा वर्षे काढलेला माणूसही पहिल्या दिवशी इथे गोंधळतो. खीळ नीट बसली का, कुलूप पडले का, हवेच्या आणि दिव्यांच्या नळ्या जोडल्या का, हे निघण्याआधी खाली उतरून बघण्याची एक शिस्त आहे. तीही शिकावी लागते.

कायद्याला हा फरक कळत नाही असे नाही. त्याच कायद्याच्या कलम 2 मध्ये सेमी-ट्रेलरची व्याख्या आहे, जोडवाहनाचीही आहे, आणि दुसऱ्या वाहनावर टेकलेले वजन हाच त्या व्याख्येचा गाभा आहे. लायसन्सचे वर्ग सांगणाऱ्या कलम 10 मध्ये मात्र ते कुठे नाही. तिथे गिअरची आणि बिनगिअरची मोटारसायकल वेगवेगळी आहे, रोडरोलर स्वतंत्र आहे. शेवटी 'विशिष्ट वर्णनाचे वाहन' असा एक मोकळा रकाना आहे, पण जोडट्रेलर नावाने नाही. बिनगिअरची स्कूटर आणि गिअरची मोटारसायकल यांत कौशल्याचा फरक आहे असे ज्या कायद्याला वाटते, त्याला बारा टनांचा ट्रक आणि पंचावन्न टनांचा ट्रेलर यांत तो वाटू नये, याचे समर्थन मला कुठे सापडलेले नाही.

खालच्या टोकाला मात्र वाद भरपूर झाला. हलक्या वाहनाचे लायसन्स असलेल्याने 7,500 किलोच्या आतला मालाचा टेम्पो चालवला तर ते चालते का, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे न्यायालयात गेल्या. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालते असे सांगितले, आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ते कायम केले. निकाल योग्यच आहे. भाजीचा टेम्पो हाकणाऱ्या माणसाला निव्वळ एका शिक्क्यासाठी बेकायदा ठरवण्यात अर्थ नव्हता. पण न्यायालयाने तिथे कसोटी कोणती धरली ते पाहा. गाडीचे वजन. 7,500 किलोच्या आत कौशल्य सारखेच, म्हणून लायसन्स एक. हाच विचार वरच्या टोकाला नेला तर 55 टनांसाठी वेगळे लायसन्स अटळ ठरते. तो वाद कोर्टात गेला नाही, कारण तिथे कोणाचा पैसा अडकलेला नाही. लायसन्स कागदावर वैध असले की विमा कंपनीला भरपाई नाकारता येत नाही, मालक सुटतो, आणि ट्रेलरखाली गेलेल्या माणसाच्या घरच्यांना तर असा काही मुद्दा असू शकतो हेही माहीत नसते.

कायद्याने एका बाबतीत मात्र वेगळी वाट धरली आहे. ज्वलनशील किंवा विषारी माल वाहणाऱ्या चालकाला तीन दिवसांचे स्वतंत्र प्रशिक्षण घ्यावे लागते, लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते आणि तीन वर्षांनी नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी करावी लागते. तीन दिवस पुरेसे आहेत का, हा प्रश्न वेगळा. पण टाकीत काय आहे यावरून चालकाचे कौशल्य वेगळे मोजता येते, हे तत्त्व आपण मान्य केलेले आहे. टाकी कशाला जोडली आहे, यावरूनही ते मोजता येईल.

आपली एसटी काय करते, हेही पाहण्यासारखे आहे. चालकाची भरती करताना महामंडळ नुसत्या जड वाहनाच्या लायसन्सवर कोणाच्या हाती बस देत नाही. अनुभव मागते, भोसरीच्या केंद्रीय सडक परिवहन संस्थेच्या संगणकीय ट्रॅकवर स्वतःची चाचणी घेते आणि निवडीनंतर स्वतःचे प्रशिक्षण देते. म्हणजे सरकारच्याच एका महामंडळाला सरकारच्याच लायसन्सवर पुरता भरवसा नाही. एसटीचा हा सावधपणा योग्य आहे, त्यामागे घाटरस्त्यांवर गाड्या चालवण्याचा दीर्घ अनुभव आहे. पण मग खासगी ट्रेलरच्या बाबतीत ती दुसरी चाळणी कोण लावणार? मोठ्या, जबाबदार कंपन्या लावतात. दोन-तीन गाड्यांचा मालक लावत नाही, कारण त्याला चालक उद्या सकाळी हवा असतो, आणि देशातल्या ट्रकांचा मोठा हिस्सा अशाच छोट्या मालकांचा आहे.

मग आजवर हे चालले कसे? चालले ते क्लीनरमुळे. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गाडीवर लागायचा. काच पुसणे, टायर ठोकून बघणे, ग्रीस भरणे, चढावर गाडी थांबली की चाकाला उटी लावणे, मागे घेताना खाली उतरून हाका देणे, अशी त्याची चार-पाच वर्षे जायची. कोणता घाट कोणत्या गिअरमध्ये उतरायचा, इंजिनाचा आवाज कधी बदलतो, ड्रम तापल्याचा वास कसा येतो, हे तो उस्तादाच्या शेजारी बसून शिकायचा. आधी रिकाम्या गाडीचे चाक मिळायचे, मग माळरानावरच्या सरळ रस्त्यावर भरलेल्या गाडीचे, आणि घाट सगळ्यात शेवटी. त्या पद्धतीत मारहाण होती, बालमजुरी होती, पगाराचा पत्ता नव्हता. तिचे गोडवे मी गाणार नाही. पण आपल्या देशातल्या जड वाहनचालकांची खरी शाळा तीच होती, आणि लायसन्सची पोकळ परीक्षा तिच्या जिवावर तग धरून होती.

ती शाळा आता बंद पडत आली आहे. भाडे परवडत नाही म्हणून मालकाने आधी क्लीनर कमी केला. राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवर दोन चालक असावेत असा नियम होता, तोही 2018 मध्ये काढून टाकला गेला. आता केबिनमध्ये एकटा माणूस असतो. चालकाची पोरे या धंद्यात यायला तयार नाहीत, आणि बापही त्यांना येऊ देत नाही. जो नवा येतो तो पिकअपवर एक-दोन वर्षे काढून, शाळेचे प्रमाणपत्र घेऊन थेट मोठ्या गाडीवर बसतो. ती प्रमाणपत्रे कशी मिळतात हे आरटीओच्या फाटकाबाहेर कोणालाही विचारा. पंधरा तास चाकावर बसलेले उमेदवार मला कमी भेटले आहेत, पंधरा तासांचा कागद असलेले बरेच. जुनी वाट गेली आणि नवी झाली नाही, त्या मधल्या पोकळीत आजचा ट्रेलर चालतो आहे.

नवी वाट करण्याचा प्रयत्न झाला, तोही नोंदवायला हवा. 1 जुलै 2021 पासून मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम लागू झाले. त्यांत जड वाहनासाठी सहा आठवड्यांत 38 तासांचा अभ्यासक्रम आहे, सिम्युलेटर आणि ट्रॅकची सक्ती आहे. जुन्या पंधरा तासांपेक्षा हे कितीतरी बरे. पण त्याच नियमांत एक सवलत आहे: या केंद्रातून उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची चाचणी माफ. शिकवणारा आणि तपासणारा एकच, आणि त्याची फी शिकणाऱ्याच्या खिशातून येते. जुन्या प्रमाणपत्रांचे जे झाले ते नव्यांचे होणार नाही याची हमी या रचनेत कुठे आहे? शिकवणे केंद्राने करावे, परीक्षा मात्र त्याच्याशी आर्थिक संबंध नसलेल्या दुसऱ्या कोणी घ्यावी.

परदेशात काय आहे हे सांगताना तिकडचे सगळे चांगले असा सूर मला लावायचा नाही. तरी काही गोष्टी बघण्याजोग्या आहेत. अमेरिकेत 1986 पूर्वी अनेक राज्यांत साध्या मोटारीच्या लायसन्सवर ट्रेलर चालवता येत असे. त्या वर्षीच्या कायद्याने व्यावसायिक लायसन्स आणले आणि जोडवाहनाला स्वतंत्र 'ए' वर्ग दिला. परीक्षा ज्या प्रकारच्या गाडीवर द्याल तेवढेच लायसन्स मिळते. हवेचे ब्रेक नसलेल्या गाडीवर परीक्षा दिली तर हवेच्या ब्रेकची गाडी चालवायला मनाई, आणि ती लायसन्सवरच छापलेली असते. परीक्षेचा पहिला भाग गाडी न हलवता होतो. उमेदवाराने गाडीभोवती फिरून प्रत्येक भाग दाखवायचा, त्यात काय बिघडू शकते ते सांगायचे, ब्रेकची हवा तपासून दाखवायची. युरोपात ट्रकचा 'सी' वर्ग आणि ट्रेलरसह ट्रकचा 'सीई' वर्ग वेगळे आहेत, आणि व्यावसायिक चालकाला दर पाच वर्षांनी 35 तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते.

कॅनडाचे उदाहरण आपल्या जास्त जवळचे आहे. 6 एप्रिल 2018 रोजी सस्कॅचवान प्रांतात हॉकीच्या तरुण खेळाडूंची बस आणि दोन ट्रेलर ओढणारा ट्रक यांची एका चौकात धडक झाली. 16 जण गेले. ट्रकचालक भारतातून गेलेला तरुण होता, त्याने थांबण्याची खूण ओलांडली होती. त्याला या कामाचे मिळालेले प्रशिक्षण दोन आठवड्यांचे होते. त्याला आठ वर्षांची शिक्षा झाली. पण तिथले सरकार शिक्षेवर थांबले नाही. मार्च 2019 पासून त्या प्रांतात अशा गाड्यांसाठी 121.5 तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. चालक दोषी ठरला, आणि त्याला अर्धवट शिकवून चाकावर बसवणारी व्यवस्थाही बदलली.

आपण याच्या उलट टोकाने सुरुवात केली. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106(2) मध्ये अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आली. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत देशभर ट्रकचालक रस्त्यावर उतरले. मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकर निघाले नाहीत आणि महाराष्ट्रात पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. पुढे 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली, पण हे उपकलम मागे ठेवण्यात आले. चालकांची भीती खरी होती: थांबलो तर जमाव मारतो, पळालो तर दहा वर्षे. जखमीला टाकून पळणे समर्थनीय नाही, हेही तितकेच खरे. पण शिकवण्यावर पंधरा तास आणि शिक्षेला दहा वर्षे, या हिशेबाने रस्ते सुरक्षित होत नाहीत. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. तो सगळा दोष ट्रकांचा नाही, आणि त्या मृतांत ट्रकचालकही आहेत.

आता आक्षेपांकडे येतो, कारण ते पोकळ नाहीत. पहिला आक्षेप चालकांच्या टंचाईचा. मालक सांगतात की गाड्या चालकाविना उभ्या आहेत, आणि अशा वेळी लायसन्स अवघड केले तर माल कसा हलेल? ब्रिटननेही 2021 मध्ये टंचाईपुढे नमते घेतले. ट्रकची परीक्षा आधी आणि ट्रेलरची नंतर, ही अट सोडून थेट ट्रेलरची परीक्षा देण्याची मुभा दिली. पण त्यांनी पायरी गाळली, ट्रेलरवरची परीक्षा ठेवली. आपल्याकडे गाळायला परीक्षाच नाही. आणि टंचाईचे कारण लायसन्स कठीण असणे हे नाही. लायसन्स आज सोपेच आहे, तरी माणसे येत नाहीत. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला 48 तास अशी कामाची मर्यादा घातली होती. महामार्गावरच्या किती चालकांनी ती अनुभवली? वातानुकूलित केबिन नव्या ट्रकांना सक्तीची झाली ती ऑक्टोबर 2025 पासून, म्हणजे तोवर उन्हाळ्यात तापलेल्या केबिनमध्येच माणसाने रात्रंदिवस काढायचे होते. झोपायला जागा नाही, वाटेत हप्ते, घरी महिना-महिना जाणे नाही. ज्या कामाला कसब मानले जात नाही त्याला कसबी माणसाचा पगार मिळत नाही. अवघड परीक्षेने मिळालेला वेगळा वर्ग हातात असेल तर ट्रेलरचालक आपल्या कामाची किंमत तरी मागू शकेल.

दुसरा आक्षेप गरिबांच्या बाजूने येतो, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. परीक्षा वाढली की खर्च वाढतो, एजंटाचा दर वाढतो, आणि बाहेर राहतो तो गरीब. याच कारणाने आठवी पासची अट 2019 मध्ये रद्द झाली. हरियाणाच्या मेवात भागातली असंख्य कुटुंबे या धंद्यावर जगतात आणि तिथल्या माणसांना चालवता येते, कागद मात्र नाही, हे सरकारने मान्य केले. मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे. आठवीचा दाखला घाटात उपयोगी पडत नाही. पण ती अट काढताना प्रशिक्षणावर भर देऊ असे सरकारने म्हटले होते, आणि ते अर्धे वचन अजून पुरे व्हायचे आहे. शाळेचा दाखला मागू नका, हाताचे कौशल्य मागा. परीक्षा तोंडी घ्या, मराठीत घ्या, हिंदीत घ्या, उमेदवाराला जी भाषा येते तिच्यात घ्या. खर्चाचा भार उमेदवारावर टाकू नका. जो माल वाहून घेतो, जो ट्रेलर विकतो, जो विम्याचा हप्ता घेतो, त्या सगळ्यांना शिकलेल्या चालकाचा फायदा होतो. त्यांच्याकडून पैसा घेऊन हे प्रशिक्षण मोफत करता येईल. आणि क्लीनरची जी वर्षे आज हिशेबात धरली जात नाहीत, त्यांना अठरा वर्षांवरच्या मुलांसाठी नोंदणीकृत, पगारी उमेदवारीचे रूप द्या. उस्तादालाही शिकवण्याचे पैसे द्या. आपल्याकडे शिक्षक आहेत. ते ढाब्यांवर चहा पीत बसलेले असतात, त्यांना कोणी विचारत नाही.

काय हवे ते नेमके सांगतो. कलम 10 मध्ये जोडवाहन हा स्वतंत्र वर्ग हवा. त्याआधी एकसंध जड ट्रकवर किमान दोन वर्षे काढलेली असावीत, 1988 च्या मूळ कायद्यात होती तशी पायरी. परीक्षा ट्रेलरवर, भरलेल्या वजनानिशी, आणि तिच्यात तीन गोष्टी टाळता न येणाऱ्या असाव्यात: निघण्याआधीची तपासणी व जोडणी, मागे घेणे, आणि खऱ्या उतारावर गाडी ताब्यात ठेवून खाली आणणे. आज जे वर्षानुवर्षे ट्रेलर चालवत आहेत त्यांना पुन्हा रांगेत उभे करण्याची गरज नाही. एका प्रात्यक्षिकावर त्यांची नोंद करून घ्यावी. बाकी तपशील तज्ज्ञ ठरवतील, मला त्यात अडून बसायचे नाही.

ही दुरुस्ती संसदेच्या हाती आहे आणि तिला वेळ लागेल. तोवर कळंबोली, भिवंडी, चाकण, न्हावाशेवा इथल्या गाडीमालकांना माझी विनंती आहे. चालकाला डिझेल मोजून देऊन वाचेल ते तुझे, असे सांगणे आजपासून थांबवा, कारण त्या सवयीची किंमत उताराच्या तळाशी उभी असलेली माणसे मोजतात. आणि नव्या माणसाच्या हाती ट्रेलरची चावी देण्याआधी त्याला जाणत्या चालकाच्या शेजारी बसवून निदान दोन घाट भरल्या गाडीने उतरवून बघा. त्यासाठी कायद्याची वाट पाहावी लागत नाही.